विजेच्या खांबांची तपासणी आणि अपघातानंतरची घाई: या चुका टाळा

पावसाळ्यापूर्वीची खांब-तपासणी कशी चालते ते मी दर वर्षी बघतो. ठेकेदाराची दोन मुलं स्कूटरवर. पुढचा गाडी हाकतो, मागचा मान वर करून इन्सुलेटर, म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू न देणारा तुकडा, बघतो आणि वहीत टिक मारतो. जेवणाच्या वेळेपर्यंत अख्ख्या वाड्याची लाइन ‘ओके’ होते. याला तपासणी म्हणू नका.

लोखंडी खांब कुजतो तो जमिनीलगत. मातीच्या वर वीतभर आणि खाली दोन वीत, एवढ्याच पट्ट्यात पाणी मुरतं, सुकतं, पुन्हा मुरतं. गोव्यातल्या मांद्रे, मोरजी, कोलवा अशा किनाऱ्याच्या गावांत त्यात खारा वारा मिसळतो. वरचा चंदेरी रंग मात्र नवा दिसत राहतो. अलीकडे तर खांबाला चिकटून पेव्हर बसवतात किंवा भोवती सिमेंटचा ओटा घालतात. ओट्याला भेग गेली की पाणी आत शिरून तिथेच राहतं आणि बाहेरून काहीही कळत नाही. म्हणजे नेमका तपासायचा भाग आपणच झाकून ठेवतो.

माझी पद्धत अशी. आधी खांब कललेला नाही ना आणि स्टे, म्हणजे खांबाला ताणून धरणारी तिरकी तार, ताठ आहे ना, ते पाहायचं. यात शंका आली तर खणायचंच नाही, थेट वरच्यांना कळवायचं. सगळं ठीक असेल तर एप्रिलमध्ये, जमीन कोरडी असताना, एका वेळी एकाच बाजूने हातभर खणायचं. पूर्ण खड्डा एकदम काढणारे मला चालत नाहीत. खांबाच्या लांबीचा साधारण सहावा भाग जमिनीत असतो, त्याचा आधार आपणच काढून घ्यायचा नसतो. मग तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा आणि हातोडीने ठोकून बघायचं. निकोप पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द आवाज करतो. बुडाचा फोटो काढताना खांबाचा क्रमांक आणि मोजपट्टी दोन्ही दिसली पाहिजेत. शेवटी डांबरी रंग देऊन माती घट्ट ठोकायची. सिमेंटच्या खांबावर उभी चीर, तांबूस ओघळ आणि उघडी पडलेली सळी शोधा. याला वेळ लागतो. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी दुसरं काम बघावं. या खांबांखालून शाळेची मुलं जातात.

अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत सोडणारी जोडणी, ऑगस्टमध्ये मोजू नका. भिजलेल्या मातीत कसलंही अर्थिंग चांगलं वाचन देतं. चिऱ्याच्या जमिनीचा खरा कस मे महिन्यात लागतो, तेव्हा मोजा.

स्टेच्या तारेतला इन्सुलेटर जमिनीपासून ३ मीटरच्या खाली नको. इन्सुलेटर नसेल तर ती तार अर्थ केलेली हवी. गुरं तिलाच अंग घासतात.

हॉटमिक्स डांबराचे थरावर थर चढून रस्ता उंच होतो, तारा मात्र होत्या तिथेच राहतात. रस्ता ओलांडणारी एलटी म्हणजे कमी दाबाची लाइन किमान ५.८ मीटर आणि ११ केव्ही म्हणजे उच्च दाबाची ६.१ मीटर उंच हवी. जुन्या वहीतला आकडा उतरवू नका, दर वेळी नव्याने मोजा. तेही लाकडी काठी वर करून नव्हे, योग्य उपकरणाने. दिवाळीतले नरकासुराचे पुतळे आणि शिगम्याचे चित्ररथ याच तारांखालून जातात. मंडळांना मार्गावरची सगळ्यात खालची तार आधी सांगून ठेवा.

टेस्टर पेटला नाही म्हणून लाइन मेली असं कधीही धरू नका. शेजारच्या दुकानाचा जनरेटर उलटी वीज सोडू शकतो. लाइन दोन्ही बाजूंनी अर्थ केल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता दुसरी मोठी चूक, जिचा मला सर्वांत जास्त राग येतो: अपघात झाल्यावर जागा साफ करणं.

एका खाजगी वसाहतीच्या आवारात जून महिन्यात बागकाम करणाऱ्या माणसाने दिव्याच्या ओल्या खांबाला हात टेकला आणि तो चिकटला. कुणीतरी मेन बंद केला म्हणून जीव वाचला, पण तळहात भाजला. संध्याकाळपर्यंत देखभाल ठेकेदाराच्या माणसांनी खांबातली वायर बदलली, जुनी फेकून दिली, नवा एमसीबी (बिघाड झाल्यावर आपोआप पडणारा स्विच) बसवला आणि खांबाला रंगसुद्धा मारला. दोन दिवसांनी मला बोलावलं तेव्हा मुकादम म्हणाला, “सगळं नीट केलंय, बघून घ्या.” बघायला उरलंच काय होतं? वायरचं इन्सुलेशन कुठे सोललं होतं, अर्थची तार मुळात जोडलेली होती की नाही, काही सांगता येईना. मालक म्हणे ठेकेदाराचा दोष, ठेकेदार म्हणे मालकाने जुनी वायर बदलू दिली नाही. कदाचित ठेकेदार खरं बोलत असेल, पण त्याचा पुरावा त्यानेच कचऱ्यात टाकला होता. या भांडणात भाजलेल्या माणसाच्या औषधांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले.

म्हणून क्रम पाठ करा. पुरवठा तोडा. लाइन वीज खात्याची असेल तर १९१२ ला कळवा आणि जखमीसाठी १०८. पुरवठा तुटेपर्यंत जखमीला स्पर्श नको. मग जागेला दोरी लावा, फोटो काढा आणि विद्युत निरीक्षक येईपर्यंत तुकडासुद्धा हलवू नका. जीव गेला असेल तर निरीक्षकाला खबर २४ तासांत जायला हवी आणि लेखी अहवाल ४८ तासांत. जनावर मेलं तरी कळवावं लागतं, हे अनेकांच्या गावीही नसतं.

‘ती वायर दुसऱ्याने टाकली होती, आमची जबाबदारी नाही’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. मध्य प्रदेशात १९९७ मध्ये रात्री सायकलवरून घरी जाणारा कामगार रस्त्यावरच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेवर गेला आणि मेला. तिथल्या वीज मंडळाने हाच बचाव केला की कुणा तिऱ्हाइताने वीजचोरीसाठी तार ओढली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो फेटाळला. इतकी धोकादायक गोष्ट जो पुरवतो, त्याला निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई द्यावी लागते. तेव्हा तपासणीची वही चोख आहे म्हणून भरपाई टळेल, असं कोणत्याही साहेबाने समजू नये. वहीचा उपयोग वेगळा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदला गेला तर कुणी काय पाहिलं, कुणाला कळवलं आणि कुणी दुर्लक्ष केलं, हे तिच्यातून ठरतं. खोटी टिक मारणारा मुलगा तिथे एकटा सापडतो. ठेकेदार त्याच्या बाजूला उभा राहत नाही.

घरच्यांचीही एक चूक असते. तेरावं, मग चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, मग वर्षश्राद्ध, असं करत ते थांबतात. मृत्यूच्या भरपाईच्या दाव्याला मृत्यूपासून २ वर्षांची मुदत आहे. गोव्यात वीज खातं हे सरकारी खातं असल्याने दाव्याआधी सरकारला २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पंचनामा, शवचिकित्सा अहवाल आणि विद्युत निरीक्षकाच्या अहवालाची प्रत पहिल्या महिन्यातच लेखी अर्ज करून मागा. आणि धोकादायक खांबाची तक्रार पंचांच्या कानावर घालून थांबू नका. कागदावर लिहा, खांबाचा क्रमांक टाका, कार्यालयात द्या आणि पोचेवर तारखेचा शिक्का घ्या.