ॲक्सेसमधील ग्राहकयादीवरून मॅक्रोद्वारे ईमेल
हापूसचा हंगाम तोंडावर आला की देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांना जुन्या ग्राहकांना पेटीचे दर कळवावे लागतात. त्यासाठी ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये ईमेलसाठी संमती दिलेल्या ग्राहकांचीच क्वेरी, म्हणजे निवडक नोंदींची यादी, तयार करावी. व्हीबीए मॅक्रोमध्ये (ॲक्सेसमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) ती रेकॉर्डसेट, म्हणजे एकेक करून वाचता येणाऱ्या नोंदींचा संच, म्हणून उघडून, शेवटच्या नोंदीपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या लूपमध्ये प्रत्येकासाठी आउटलुकचा स्वतंत्र मेल तयार करावा. सर्वांचे पत्ते एकाच मेलमध्ये उघडे टाकणे शिष्टाचाराला धरून नाही. लूपच्या शेवटी ‘मूव्हनेक्स्ट’ ही पुढच्या नोंदीवर नेणारी आज्ञा लिहायची राहिली, तर पहिल्याच ग्राहकाला मेलमागून मेल जात राहतील. म्हणून आधी क्वेरीत दोन-तीनच नोंदी ठेवून, मेल पाठवणाऱ्या ‘सेंड’ऐवजी तो फक्त उघडून दाखवणारे ‘डिस्प्ले’ वापरून मसुदे तपासावेत. यासाठी क्लासिक आउटलुकच (विंडोजवरचे जुने डेस्कटॉप आउटलुक) लागते; नवे आउटलुक चालत नाही. मेल गेल्याची तारीख त्याच नोंदीत लिहावी, म्हणजे मध्येच वीज गेली, आणि कोकणात ती जातेच, तरी उरलेल्यांपासून पुढे सुरू करता येते.