१३-० ने हरलात? मग फानीसमोर कसं जायचं

फ्रान्समध्ये राहणारे आपले बरेच जण उन्हाळ्यात पेतांक, म्हणजे एका छोट्या लाकडी गोळ्याच्या जवळात जवळ आपले गोळे टाकायचा फ्रेंच खेळ, खेळायला लागतात, कारण त्याला ना स्पेशल बूट लागतात ना फार स्टॅमिना, स्टीलचे तीन गोळे आणि थोडी खडी-मातीची जागा असली की झालं. आणि मग एखाद्या संध्याकाळी तुमचा भोपळाच फुटत नाही, समोरचे १३ आणि तुम्ही ०, बाकावरून कोणीतरी ओरडतं "फानी!" आणि शेजारच्या पट्ट्यांवरचे लोक आपला डाव अर्धा टाकून तुमच्याकडे बघायला लागतात. माझ्यावर ही वेळ ल्योंमध्ये पहिल्याच सीझनला आली होती, नक्की काय करायचं असतं हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं आणि त्या दोन मिनिटांत मी इतकी गोंधळले की आजही आठवतंय, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

गेम १३ पॉइंटचा असतो. एकही पॉइंट न घेता हरलात की तुम्ही फानी झालात, १३-१ ला फानी नाही, तो साधा पराभव. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल, हरणं वेगळं आणि कोट लागणं वेगळं, कोट लागला की तो पुढचे आठ दिवस घरात निघतो, तसंच हे. फक्त इथे त्याच्यासाठी एक विधी आहे. क्लबात किंवा कॅफेत भिंतीवर एका पाठमोऱ्या गुबगुबीत बाईचं चित्र किंवा उठावातली मूर्ती असते, स्कर्ट वर केलेला, कुल्ले उघडे, आणि एरवी ती छोट्या कपाटात किंवा पडद्यामागे झाकलेली असते. कोणी फानी झालं की कपाट उघडतात, काही ठिकाणी घंटा वाजवतात, आणि हरलेल्यांनी सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून तिथे मुका घ्यायचा.

ही फानी कोण, याच्या दोन गोष्टी सांगतात. ल्योंवाले म्हणतात की १८७० च्या सुमारास क्रुआ-रूसच्या टेकडीवर क्लो-जूव्हच्या मैदानात फानी नावाची एक बाई खेळ बघायला यायची आणि जो शून्यावर हरेल त्याला ती क्षणभर स्कर्ट वर करून दाखवायची. दुसरी गोष्ट ईझेर जिल्ह्यातल्या ल ग्रां-लां गावच्या कॅफेतली, पहिल्या महायुद्धानंतरची. तिथली वेट्रेस फानी शून्यावर हरलेल्यांना गालावर पापी घेऊ द्यायची, एक दिवस गावचा मेयरच शून्यावर हरला, तिचा त्याच्यावर काहीतरी राग होता, तर ती खुर्चीवर चढली, स्कर्ट वर केला आणि गालाऐवजी भलतंच पुढे केलं, आणि मेयरने न डगमगता तिथेच मुका घेतला. दोन्ही दंतकथाच आहेत, पण मला ल्योंची जास्त पटते, कारण पेतांक स्वतःच १९०७ ते १९१० च्या दरम्यान मार्सेयजवळच्या ला सिओतात जन्माला आलं, संधिवातामुळे धावत येऊन गोळा टाकू न शकणाऱ्या एका खेळाडूसाठी पाय रोवून उभं राहायचा नियम केला तेव्हा. ल्योंचा बुल, म्हणजे धावत येऊन गोळा टाकायचा तिकडचा जुना खेळ, त्याच्याही आधीचा, म्हणजे फानी बहुतेक तिकडूनच इकडे आली असणार.

आता प्रत्यक्ष काय करायचं. तेरावा पॉइंट मोजून झाला की आधी समोरच्यांशी हात मिळवा, रोजच्यासारखाच, नजर चुकवू नका. गोळे उचलून पिशवीत भरून कारकडे निघू नका, पळून जाणं हे शून्यापेक्षा वाईट दिसतं आणि पुढच्या वेळी कोणी टीममध्ये घेताना विचार करतं. डबल्स किंवा ट्रिपल्स असेल तर अख्खी टीम जाते, तुम्ही चांगले खेळलात आणि पार्टनर वाईट खेळला तरी. मी माझ्या सत्तरीच्या पार्टनरबरोबर हरले होते, ते आधी गुडघ्यावर बसले, एक हात बाकाला आणि एक माझ्या खांद्यावर, आणि मला म्हणाले की तू फक्त डोळे मिटू नकोस, लोकांना तेवढंच बघायचं असतं. मुका एकच घ्यायचा, पटकन, उठायचं, टाळ्या होतात, कपाट बंद. दहा सेकंदांचं काम आहे खरंतर.

नको वाटत असेल तर? तर नाही म्हणा. आता क्लबात बायका-मुलं भरपूर असतात आणि सगळ्यांनाच एका बाईच्या कुल्ल्यांचा मुका घ्यायची ही प्रथा आवडते असं नाही, मला त्यातला संकोच पूर्ण समजतो, माझं स्वतःचं मत असं की कोणावरही जबरदस्ती करू नये आणि लहान मुलांना तर यात ओढूच नये. पण मग दुसरा भाग सोडायचा नाही, तो म्हणजे ड्रिंक्स. फानी झालेल्या टीमने जिंकलेल्यांना प्यायला द्यायचं हे बहुतेक ठिकाणी धरलेलंच असतं. दक्षिणेत पास्तिस, म्हणजे बडीशेपेच्या चवीची दारू, एक भाग पास्तिस आणि साधारण पाच भाग गार पाणी, न पिणाऱ्यांना सरबत चालतं, आणि खरं सांगू का, ती टेबलाभोवतीची पंधरा मिनिटंच या प्रथेचा जीव आहे असं मला वाटतं, कारण ज्याला एकही पॉइंट मिळाला नाही तोच यजमान होतो आणि सगळे त्याच्याभोवती बसतात.

तुम्ही फानी दिलीत तर एवढंच बघा, न विचारता मोबाईल काढून व्हिडिओ करू नका. आणि १२-० असताना दया येऊन मुद्दाम एक पॉइंट सोडू नका, समोरच्याला ते लगेच कळतं आणि जास्त लागतं.

आता टाळायची कशी, कारण याबद्दल कोणी नीट सांगत नाही. शून्यावर असलेल्या टीमचा मोठा प्रॉब्लेम हा की कोशोने, म्हणजे तो लाकडी छोटा गोळा ज्याच्याजवळ सगळे आपले गोळे टाकतात, तो फेकायचा हक्क आधीचा डाव जिंकलेल्यांकडे असतो (सगळ्यांचे गोळे टाकून झाले की एक डाव, असे बरेच डाव मिळून १३ पॉइंटचा गेम). तुम्ही एकही डाव जिंकला नाही म्हणजे अंतर कायम त्यांच्या सोयीचं, ६ ते १० मीटरमध्ये त्यांना आवडेल ते. पण त्यांचा कोशोने या हद्दीच्या बाहेर पडला तर तो तुमच्या हातात येतो आणि तुम्ही तो नियमात बसेल तिथे ठेवू शकता, त्यामुळे शंका आली की न लाजता मोजायला सांगा. पहिला गोळा तरीही तेच टाकतात.

दुसरी गोष्ट, १०-० च्या पुढे नेम मारून त्यांचे गोळे उडवायचा मोह आवरा, तुमचा नेम आज लागत नाहीये म्हणूनच तर तुम्ही इथे आहात, एक गोळा कोशोनेच्या पुढ्यात, थोडा अलीकडे, आडवा येईल असा थांबवा आणि त्यांना गोळे खर्च करू द्या.

आणि तिसरी माझी सगळ्यात आवडती. त्यांचे सगळे गोळे टाकून झालेत, पॉइंट त्यांच्याकडे आहे, म्हणजे कोशोनेच्या सगळ्यात जवळचा गोळा त्यांचाच आहे, पण तुमच्या हातात अजून दोन किंवा जास्त गोळे आहेत, तर सरळ कोशोनेलाच मारा. तो आखलेल्या रेषेच्या बाहेर गेला की तो मेला, आणि अशा वेळी ज्यांच्याकडे गोळे उरलेत त्यांना उरलेल्या प्रत्येक गोळ्याचा एक पॉइंट मिळतो. मारलेला गोळा धरायचा नाही, म्हणजे दोन असतील तर एक पॉइंट, पण फानी टाळायला एकच पुरतो! दोन्ही टीमकडे गोळे उरले असतील तर मात्र डाव रद्द होतो, म्हणून आधी त्यांच्या हातात काही नाही ना हे नक्की बघा. आणि मोकळ्या मैदानात खेळत असाल तर रेषा कुठे हे गेम सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या, १२-० ला रेषेवरून वाद घालण्यात काही अर्थ नसतो.

एवढं करूनही फानी झालातच तर ग्लास रिकामे झाल्यावर परतीचा गेम मागा, तो सहसा कोणी नाकारत नाही. त्याच्या आधी नाणेफेक होते, ती सीरियसली घ्या, आणि जिंकलात तर कोशोने तुमच्या पार्टनरच्या हातात द्या, ज्या अंतरावर त्याचा हात बसतो तिथेच त्याला तो टाकू द्या.