चौकट आधी उलटी करा

गेल्या पावसाळ्यात छावणीच्या गुरुवारच्या बाजारात मला दोन जुन्या चौकटी 200 रुपयांत मिळाल्या. विकणाऱ्यानं लाकूड आणि काच यांचाच हिशोब केला होता, आतली चित्रं त्याच्या लेखी नव्हतीच. एकात घोडेस्वारांची धुमश्चक्री, दुसऱ्यात फेटा बांधलेला एकटा शिपाई. मी चित्रकलेचा शिक्षक. सैनिकी चित्रांसाठी संभाजीनगर, जालना, अंबाजोगाईचे बाजार पालथे घालतोय त्याला नऊ वर्षं झाली. नव्यानं या नादाला लागलेली मुलं पहिला प्रश्न हमखास विचारतात, "सर, सही कुणाची आहे?" सही सगळ्यात शेवटी बघायची. आधी चौकट उलटी करायची.

मागचा पुठ्ठा, खिळे, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली एखादी ओळ, हे सगळं समोरच्या रंगांपेक्षा जास्त बोलतं. घोडेस्वारांच्या चित्राचा पुठ्ठा काढला तर कागदाच्या पाठीवर बारीक इंग्रजी मजकुराचे रकाने छापलेले. म्हणजे हे सचित्र साप्ताहिकाचं पान. असली साप्ताहिकं लंडनमध्ये 1842 पासून निघत होती आणि त्यांतली चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापत. मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे एकमेकांना जोडावे लागत, त्या सांध्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा भिंगातून दिसतात. माझ्या पानावर त्या दिसल्या. रंग मात्र नंतर कुणीतरी हातानं भरलेला होता, काही ठिकाणी रेघेबाहेर गेलेला.

भिंग दहापटीचं घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. त्यातून रंगीत ठिपक्यांची नीट जाळी दिसली की ते यंत्रावर छापलेलं, मग समोरून कितीही जलरंगासारखं वाटो. पहिल्या वर्षी मी एका दुकानातून 4,000 रुपयांना "अस्सल जलरंग" म्हणून एका लान्सरचं, म्हणजे भालाईत घोडेस्वाराचं, चित्र घेतलं. घरी येऊन भिंग लावलं तर सगळीकडे ठिपके. पुस्तकातून कापलेलं पान होतं. मेजर लव्हेट यांच्या चित्रांचं भारतीय सैन्यावरचं एक पुस्तक 1911 साली लंडनला निघालं, त्यात 72 रंगीत चित्रं आहेत. अशा पुस्तकांतली सुटी पानं चौकटीत बसवून विकली जातात. त्या पैशांची हळहळ मला बरेच दिवस राहिली. ठिपक्यांऐवजी खडूसारखा रवा दिसला तर शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, समजा. कागदावर चौकोनी दाबाची खूण असेल तर बहुधा तांब्याच्या पत्र्यावरून काढलेला ठसा. खऱ्या जलरंगात रंगाखाली पेन्सिलीच्या रेघा सापडतात आणि रंग कागदाच्या खाचांत साचलेला असतो.

आता शिपायाकडे वळू. ही चित्रं मराठवाड्यात निघतात त्याला कारण आहे. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी हैदराबाद कंटिंजंट ही फौज औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथल्या छावण्यांत असायची. 1903 साली ती ब्रिटिश हिंदी सैन्यात सामावली आणि तिच्या पायदळ पलटणींना 94 ते 99 हे आकडे मिळाले. 1922 मध्ये फेररचना होऊन हे आकडे गेले आणि 19 वी हैदराबाद रेजिमेंट झाली. तिचंच नाव 1945 साली कुमाऊं रेजिमेंट पडलं. त्यामुळे खांद्यावरचा एक आकडा वाचता आला तरी चित्राचा काळ वीस वर्षांच्या आत येतो.

माझ्या शिपायाच्या खांद्यावर 97 होता, 97 वी डेक्कन इन्फन्ट्री. ही पलटण 1916 साली मेसोपोटेमियात लढली. छातीवरच्या फितींपैकी एक इंद्रधनुष्यासारखी. ती पहिल्या महायुद्धाच्या विजय पदकाची, आणि ते पदक सुरूच झालं 1919 मध्ये. म्हणजे चित्र 1919 ते 1922 मधलं. चेहरा भिंगाखाली धरला तर ठिपके नाहीत, कुंचल्याचे फटकारेही नाहीत. बाजूनं तिरपा उजेड टाकल्यावर कळलं की फक्त कपड्यांवर रंगाचा थर आहे. हा स्टुडिओत हातानं रंगवलेला फोटो होता. असे फोटो जुन्या घरांत पुष्कळ असतात आणि चित्र समजून फेकलेही जातात.

टोपीवरचा बिल्लाही बघत जा. मुकुट असेल तर इंग्रजी अंमल, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर 1950 नंतरचं. हत्ती दिसला तर मद्रास रेजिमेंट आठवा. तो हत्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या 23 सप्टेंबर 1803 च्या इंग्रज-मराठा लढाईतून आलेला आहे, हे मला कळलं तेव्हा मी त्याच आठवड्यात असईला जाऊन आलो.

काच ओल्या फडक्यानं पुसू नका, पाणी कडेनं आत जातं. चित्र लॅमिनेट तर कधीच करू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनं चित्र 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवायला बंदी आहे.

आणि विकणाऱ्याला विचारा. घासाघीस संपल्यावर, पैसे दिल्यावर विचारा, म्हणजे तो मोकळा बोलतो. मी विचारलं, "भाऊ, हे कुठून आलं?"

"वाडा पाडला ना सर हिंगोलीकडं, तिथला माल हाये."

शिपायाच्या पुठ्ठ्यावर शाईनं उर्दू ओळ होती. निजामाच्या मुलखातल्या वस्तूंवर असा उर्दू मजकूर बऱ्याचदा सापडतो, म्हणून निदान उर्दू आकडे तरी शिकून घ्या. मी ती शहागंजातल्या एका वयस्कर चाचांकडून वाचून घेतली. "मोमिनाबाद, 1330 फसली," त्यांनी बोट फिरवत वाचलं. फसली म्हणजे निजामाच्या राज्यात चालणारं साल, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1920-21. आकडा, फीत आणि पाठीवरचं साल, तिन्ही एकाच जागी येऊन जुळली. त्या ओळीच्या आधी नाव होतं. त्यातलं "शेख" तेवढं वाचता आलं, पुढची अक्षरं कसरीनं खाल्लेली. फोटोची एक प्रत काढून घेतलीय. दिवाळीच्या सुट्टीत अंबाजोगाईला जाऊन जुन्या मोहल्ल्यांत ती दाखवणार आहे.