मृगापूर्वी बोअरचे पाणी तपासताना: आर्सेनिकबाबत सल्ला

मे महिन्याच्या अखेरीस विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि मावळ, मुळशी, भोर भागांत भाताच्या रोपवाटिकांची तयारी सुरू असते. पाण्याचा नमुना घेण्यास ही वेळ चांगली. मात्र शेतीच्या पाण्याच्या नेहमीच्या अहवालात सामू, क्षारता, कार्बोनेट, क्लोराइड, सोडियम एवढेच आकडे असतात. आर्सेनिक, म्हणजे ज्यापासून सोमल हे विष बनते ते मूलद्रव्य, त्यात नसते. ते हवे असल्यास अर्जात वेगळे लिहून मागावे.

पुणे जिल्ह्यात धास्ती घेण्याचे कारण नाही. आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणात आर्सेनिक मुळातच अल्प असते. बंगाल-बिहारची गोष्ट निराळी: तेथे नद्यांनी आणलेल्या गाळातील लोहाच्या कणांना ते चिकटलेले असते आणि कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांमुळे जमिनीखालचा प्राणवायू संपला की लोहाबरोबर तेही पाण्यात उतरते. तरीही ‘कातळाचे पाणी म्हणजे निर्धोक’ ही समजूत खरी नाही, कारण महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरात गाळ नसून जुना कठीण खडक आहे आणि तेथील भूजलातही आर्सेनिक आढळले आहे. म्हणून ज्या घरी बोअरचे पाणी शेताला आणि पिण्यालाही लागते, त्यांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी.

पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक नसावे. सिंचनासाठी सर्वसाधारणपणे ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात, पण ती निर्धास्त करणारी नाही. एका हंगामात एकरभर रानाला एकूण मीटरभर पाणी दिले, तर ते सुमारे ४० लाख लिटर होते आणि नेमके या मर्यादेइतके आर्सेनिक असलेल्या पाण्यातून जवळपास ४०० ग्रॅम आर्सेनिक रानात येते, ज्याचा बराचसा भाग वरच्या थरात अडकून राहतो. भाताला याचा धोका अधिक, कारण तुंबलेल्या चिखलात आर्सेनिक मोकळे होते आणि सिलिका शोषणाऱ्या वाटांनीच मुळांत शिरते. अहवालात आर्सेनिक निघाल्यास भाताला सतत पाणी साचवून न ठेवता मधून मधून खाचर सुकू द्यावे. शक्य असेल तेथे भाताला ओढ्याचे किंवा शेततळ्याचे पाणी वापरावे.

नमुना घेताना पंप दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून मगच प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी; प्रयोगशाळेने आम्ल घातलेली बाटली दिली असेल तर ती मुळीच विसळू नये. आम्लाविना ठेवलेल्या, लोहयुक्त पाण्याच्या बाटलीत काही तासांत तळाला गेरूसारखा गाळ बसतो. आर्सेनिकही त्या गाळाला चिकटून खाली बसते आणि वरचे नितळ पाणी तपासले तर आकडा खोटा कमी येतो. त्यामुळे नमुना त्याच दिवशी पोहोचवावा.

घरात पाणी उकळून घेण्याची आपली सवय जंतूंपुरती उत्तम आहे, परंतु आर्सेनिक उकळून जात नाही; पाणी आटते तसे ते उलट अधिक दाट होते. अहवाल मर्यादेबाहेर आल्यास पिण्यासाठी दुसरा स्रोत धरावा आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात त्याच बोअरचा नमुना पुन्हा द्यावा.