नागपूर ते लंडन किती किलोमीटर, किती तास? घरबसल्या असं काढा

ताईची पोरगी शिकायला लंडनला निघाली. तिकीट पाहून ताई म्हणे, दिल्लीहून दुपारी २ ला सुटते अन् संध्याकाळी ७ ला पोचते, म्हणजे पाचच तास? अरे आपल्याला पुण्याला जायला ट्रॅव्हल्सनं अख्खी रात्र लागते! तिला समजवायला कागदावर जे मांडलं तेच इथे टाकून राहिलो.

पहिले अंतर. पोरांचा पृथ्वीगोल घ्या, शिवायच्या दोऱ्यानं विषुववृत्तावर एक फेरा मारा अन् तो दोरा पट्टीवर मोजा. हा फेरा म्हणजे ४०,००० किमी. आमच्या गोलाचा ९४ सेंमी भरला, म्हणजे १ सेंमीला साधारण ४२५ किमी. आता दोरा नागपूर ते लंडन ताणून धरा, ढिला सोडू नका. साडेसतरा सेंमी आला, म्हणजे ७,४४० च्या आसपास. खरं अंतर जवळपास ७,४७० आहे, दोऱ्याच्या मानानं लय झालं! भिंतीवरच्या नकाशावर मात्र मोजू नका, तो उत्तरेकडे ताणलेला असतो, तिथे सगळंच चुकते. गोल नसेल तर गूगल अर्थमधली पट्टी आहेच.

पण इथून लंडनला सरळ विमान नाही, म्हणून टप्पे जोडा. दिल्लीमार्गे ८५५ अधिक ६,७२०, म्हणजे फक्त शंभरेक किमी जास्त, दिल्ली तशी वाटेवरच पडते. मुंबईमार्गे ७,९०० च्या जवळ जाते.

आता उडायचा वेळ. मोठ्या टप्प्याचे किलोमीटर भागिले ८५०, वरून चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. दिल्ली-लंडन साडेआठ तास येते. पण पश्चिमेकडे जाताना वरचा वारा समोरून लागतो, शिवाय एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं, मग वळसा पडतो, म्हणून तास-दीड तास वाढवूनच धरा. येताना तोच वारा पाठीशी असतो, तेव्हा वेळ कमी लागतो.

ताईचा घोळ झाला तो घड्याळात. तिकिटावरची वेळ ज्या त्या गावची असते. लंडन आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेचार तास अन् ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच. जाताना हा फरक मिळवायचा, ५ अधिक साडेचार, झाले साडेनऊ. येताना वजा करायचा: रात्री ९ ला लंडन सोडलं अन् सकाळी १० ला दिल्ली, तर १३ वजा साडेचार, साडेआठच.

राहिलं थांबणं. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर दिल्लीत बॅगा स्वतः घेऊन परत चेक-इन, इमिग्रेशन, म्हणून चार-पाच तास ठेवाच, ह्यात कंजूषी नको. सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, दोन तास आधी, दिल्लीपर्यंत पावणेदोन, तिथे पाच, पुढे साडेनऊ. सव्वाअठरा तास ऐकून ताईनं दशम्यांचा दुसरा डबा भरायला घेतला.