एकट्याने व्यायाम करूनही मन शांत होत नाही? या चुका टाळा

एकट्याने चालायला, धावायला किंवा सायकल चालवायला जाणाऱ्या अनेकांची तक्रार असते की घाम निघतो, वजनही थोडे उतरते, पण डोक्यातली गडबड काही थांबत नाही. अशा वेळी व्यायामच बदलण्याची घाई करू नये. वेग किती ठेवला जातो आणि लक्ष कुठे असते, हे आधी तपासावे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक वेगाची आहे. मन मोकळे करायला निघालेला माणूस पहिल्या काही मिनिटांतच धापा टाकू लागतो, आणि मग ‘हे संपणार कधी’ याखेरीज त्याच्या मनात दुसरे काही उरत नाही. जोरकस व्यायामात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, म्हणजे शरीराच्या दृष्टीने तोही एक ताणच असतो. व्यायामानंतरच्या प्रसन्नतेचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिन या शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक रसायनाला दिले जाई. परंतु रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरू शकत नसल्याने आता संशोधकांचे लक्ष शरीरातच तयार होणाऱ्या आणि मेंदूत सहज पोचणाऱ्या आनंदामाइडसारख्या रेणूंकडे वळले आहे, आणि सलग केलेल्या मध्यम गतीच्या व्यायामानेही ते वाढतात. मध्यम गतीची खूण सोपी आहे: बोलता यावे, पण गाता येऊ नये. सोबत कोणी नसले तरी एक लांब वाक्य हळू आवाजात म्हणून पाहावे; ते मध्येच तुटले, तर वेग कमी करावा. हा ‘खरा’ व्यायाम नव्हे, असे वाटण्याचे कारण नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी सुचवलेली आठवड्याची 150 ते 300 मिनिटे याच गतीची आहेत.

दुसरी चूक प्रश्न सोबत घेऊन निघण्याची. नोकरी सोडावी की नाही, त्या माणसाला काय उत्तर द्यावे, असा एखादा विषय घेऊन तासभर चालले, तर बहुधा तोच विचार शंभर वेळा उगाळून माणूस अधिक थकून परततो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2014 मधील प्रयोगांत चालताना नवनवीन कल्पना अधिक सुचल्याचे दिसले, पण ज्या कोड्याचे एकच अचूक उत्तर असते तिथे मात्र चालण्याने काहीशी पीछेहाटच झाली. म्हणून निर्णयाचा आग्रह घरी ठेवावा. लक्षाला टेकायला एखादी साधी जागा द्यावी: तीन पावलांत श्वास आत, तीन पावलांत बाहेर, आणि टाच जमिनीला लागतानाचा आवाज. विचार भरकटल्याचे ध्यानात आले की चिडू नये, पुन्हा एकपासून मोजावे. भरकटणे आणि परतणे हाच सरावाचा गाभा आहे, असे मला मनापासून वाटते. शक्य असेल तर झाडांचा रस्ता निवडावा. 2015 मध्ये त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात नव्वद मिनिटे निसर्गात चाललेल्यांचे नकारात्मक विचारांचे रवंथ कमी झाले, गजबजलेल्या रस्त्यावर चाललेल्यांचे नाही.

कानात सतत पॉडकास्ट आणि मनगटावर आकडे दाखवणारे घड्याळ असेल, तर एकांत नावापुरताच उरतो. घड्याळाची नोंद चालू राहू द्यावी, पण ती घरी आल्यावर पाहावी. फोन मात्र सुरक्षिततेसाठी जवळ असावा, आवाज बंद करून. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे घरच्या एखाद्याला सांगून निघावे; नदीत, तलावात किंवा समुद्रात एकट्याने पोहणे टाळावे.

व्यायाम संपताच फोन उघडणे ही दिसायला किरकोळ, पण फार नुकसान करणारी सवय आहे. शेवटची पाच-दहा मिनिटे वेग उतरवत न्यावीत, मग थोडा वेळ नुसते बसावे आणि काही सुचले असेल तर एक-दोन ओळींत लिहून ठेवावे. कित्येकदा प्रश्नाचे उत्तर चालताना न येता इथे येते. झोपेच्या आधीच्या तासाभरात जोरकस व्यायाम नको.

माणसे टाळण्यासाठीच एकट्याचा व्यायाम वाढत चालला असेल, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश आणि कशातच रस नसणे टिकून असेल, तर चालण्याचे अंतर वाढवत बसू नये. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावे आणि चालणे त्या उपचारांच्या जोडीने सुरू ठेवावे.