गाडीचा इन्शुरन्स काढताना शनिवार-रविवारही मोजा

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींची पहिली गाडी बहुतेक एकाच पद्धतीने घरी येते. दोन-तीन पगार झाले की सेकंडहँड हॅचबॅक ठरते, गाडी ताब्यात घ्यायच्या आदल्या रात्री इन्शुरन्सची आठवण होते, आणि घरात आधीपासून राहणारा मित्र "आण इकडे, मी भरून देतो" म्हणत फोन हातात घेतो. प्रीमियमचा आकडा कमी दिसेपर्यंत तो उत्तरं बदलत राहतो. पुढे कधी अपघात झाला की कंपनी तीच उत्तरं समोर ठेवते, आणि ती आपण दिलेलीच नाहीत हे त्या मुलाला तेव्हा कळतं. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता लिहूनच ठेवतोय.

लायसन्सबद्दल एकच ओळ: भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, त्यापुढे इथली परीक्षा द्यावीच लागते.

आता मुख्य गोष्ट. फॉर्ममध्ये दोन वेगवेगळे प्रश्न असतात आणि आपली माणसं ते एकच समजतात. पहिला, तुम्ही काय काम करता. दुसरा, गाडी कशासाठी वापरता. पहिल्याचं उत्तर चुकलं तर कंपनी म्हणते, तुम्ही चुकीची माहिती दिलीत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलेल्या वापराबाहेर गाडी नेली तर म्हणते, त्या वेळी तुमचा इन्शुरन्स लागूच नव्हता. दोन्ही भांडणं वेगळी आणि दोन्हींचे नियमही वेगळे.

कामाच्या प्रश्नाखाली बहुतेक कम्पॅरिझन साइटवर (अनेक कंपन्यांचे दर एकत्र दाखवणाऱ्या) आणखी एक छोटा प्रश्न असतो: दुसरं काही पार्ट-टाइम काम करता का? इथे सगळे डोळे झाकून 'नाही' करतात. आठवडाभर ऑफिस करून शनिवारी लग्नांचे फोटो काढणारा, गणपतीत आणि दिवाळीत पैसे घेऊन डीजे लावणारा, तबल्याच्या साथीला जाणारी, मेंदीच्या ऑर्डरी घेणारी, घरून डबे देणारी, कुणालाच तो 'जॉब' वाटत नाही. "तो तर माझा छंद आहे" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. पैसे घेत असाल, जाहिरात करत असाल, ऑर्डरी नेमाने येत असतील, तर कंपनीच्या लेखी तो व्यवसाय ठरू शकतो. सांगून टाका. बऱ्याच वेळा प्रीमियममध्ये फरक किरकोळ पडतो, कधी पडतही नाही.

पण उलट बाजूही तितकीच पक्की लक्षात ठेवा, कारण आपली माणसं कंपनीचं पत्र आलं की लगेच मान खाली घालतात. इथे ग्राहकांच्या विम्यासाठी २०१२ चा कायदा आहे, एप्रिल २०१३ पासून लागू. त्याआधी विमा घेणाऱ्याने न विचारलेलंही आपणहून सांगावं अशी अपेक्षा होती. या कायद्याने ती काढून टाकली. आता तुमचं कर्तव्य एवढंच की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वाजवी काळजी घेऊन द्यायचं. तुमचे छंद कोणते हे विचारलंच नसेल तर ते लपवल्याचा आरोप टिकत नाही. प्रश्न मोघम असेल, तर तो मोघमपणा कायद्याने तुमच्या बाजूने धरला जातो. म्हणून पहिलं काम: फॉर्म भरताना प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा. तुमच्या उत्तराचा तर हवाच, पण प्रश्नाचाही. प्रश्नाचे नेमके शब्द हाच पुढे तुमचा आधार असतो.

तेच रिन्यूअलचं. दरवर्षी कंपनी जुनी माहिती पाठवून 'हे बरोबर आहे ना' असं विचारते. ती ईमेल न वाचता पॉलिसी पुढे चालू दिली आणि मधल्या काळात डब्यांचा धंदा सुरू झालेला असला, तर ते गप्प राहणंही चुकीची माहिती ठरू शकतं.

आता गाडीच्या वापराबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथेच लोक खरे अडकतात. साध्या पॉलिसीत 'सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर' असतं: खरेदी, फिरणं, नातेवाइकांकडे जाणं. रोज ऑफिसला किंवा रोज एका ठरावीक स्टेशनच्या पार्किंगपर्यंत गाडी नेत असाल तर 'कम्युटिंग' लागतं. कामासाठी वेगवेगळ्या ठिकाणी जायचं तर 'बिझनेस यूज'. फोटोग्राफर आपला कॅमेरा घेऊन लग्नाला जातो, डबेवाली बाई आपलेच डबे पोचवते, हे याच खात्यात येतं. आणि पैसे घेऊन दुसऱ्याची वस्तू किंवा माणूस पोचवणं म्हणजे 'हायर अँड रिवॉर्ड'. ते साध्या पॉलिसीत नसतं, आणि 'बिझनेस यूज' घेतला म्हणून मिळतही नाही.

संध्याकाळी ॲपवरून जेवण पोचवणारे सगळे या शेवटच्या प्रकारात येतात, गाडी असो वा स्कूटर. त्यासाठी वेगळा कव्हर मिळतो, तासांच्या हिशेबानेही मिळतो. तो मूळ पॉलिसीवर चढवणार असाल तर मूळ कंपनीला ते चालतं का, हे लेखी विचारून घ्या. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांसाठी तर प्रश्न इन्शुरन्सच्याही आधी येतो: त्या व्हिसावर स्वतःचा धंदा करायला बंदी आहे आणि ॲपवरची डिलिव्हरी साधारणपणे त्यातच मोडते. दुसऱ्याचं खातं भाड्याने घेऊन ते करणाऱ्यांना मी तोंडावर सांगतो की थांबवा. त्यात इन्शुरन्स, व्हिसा आणि लायसन्स तिन्ही एकाच वेळी जाऊ शकतात.

दुसरी नेहमीची गोष्ट हीथ्रोची. आपल्या प्रत्येक ग्रुपवर 'एअरपोर्ट पिकअप, अमुक पौंड' असे मेसेज येतात. मदत म्हणूनच सुरुवात होते, हे मलाही मान्य. ओळखीच्या माणसाला आणलंत, त्याने पेट्रोलचे पैसे दिले, तर अडचण नाही. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये खर्च वाटून घेण्याला जागा दिलेली आहे: गाडी आठपेक्षा जास्त प्रवाशांची नको, मिळालेली एकूण रक्कम प्रवासाच्या खर्चापेक्षा जास्त नको, आणि पैशांचं निघण्याआधी ठरलेलं हवं. पण ठरलेला दर लावून अनोळखी लोकांना आणायला लागलात, वर चार पैसे सुटायला लागले, की तुम्ही विनापरवाना टॅक्सी चालवताय. ग्रुपवरचे तुमचेच मेसेज पुरावा होतात.

पोलिसांनी अशा वेळी पकडलं तर तो 'विना इन्शुरन्स'चा गुन्हा धरला जातो, हातात वैध पॉलिसी असली तरी. जागेवरचा दंड ३०० पौंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट (गुन्ह्यांची नोंद म्हणून चढणारे), शिवाय गाडी उचलून नेण्याचा अधिकार. इथली परीक्षा पास होऊन दोन वर्षं झालेली नसतील, तर ६ पॉइंटांवर लायसन्सच रद्द होतं आणि पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. नव्याने आलेल्यांपैकी किती तरी जण नेमके याच दोन वर्षांत असतात.

ओळखीतल्या एका मुलाचं सांगतो, कारण त्याचं नुकसान टाळता आलं असतं. सॉफ्टवेअरमधली नोकरी, सुट्टीला मुंजी-बारशांचे फोटो. राउंडअबाउटवर दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली. त्या दिवशी तो किराणा आणायला निघाला होता. डिकीत लाइटचे स्टँड दिसले, कंपनीच्या माणसाने फोनवर गप्पा मारल्यासारखं विचारलं, त्याने उत्साहाने आपलं इन्स्टाग्राम पान सांगितलं. पंधरवड्यात पत्र: दुसरा व्यवसाय मुद्दाम लपवलात, पॉलिसी सुरुवातीपासून व्हॉइड, म्हणजे ती कधी नव्हतीच असं धरायचं. याने उत्तर काय दिलं, तर "सॉरी, माझीच चूक, मला माहीत नव्हतं", आणि विषय सोडून दिला.

त्याने भांडायला हवं होतं. किराणा आणायला जाणं हा सरळ घरगुती वापर, म्हणजे वापराचा मुद्दा त्या दिवशी नव्हताच. उरला फक्त दुसऱ्या कामाच्या प्रश्नाचा. तिथे तो निष्काळजी होता असं म्हणता येईल. पण मुद्दाम किंवा बेफिकिरीने खोटं सांगितलं हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने कंपनीवर आहे. नुसती निष्काळजी असेल तर कंपनीला एवढंच बघावं लागतं, खरं कळलं असतं तर आपण काय केलं असतं. पॉलिसी दिलीच नसती, तर ती व्हॉइड करता येते, पण प्रीमियम परत द्यावा लागतो. फक्त जास्त प्रीमियम लावला असता, तर क्लेम त्या प्रमाणात कापायचा. ९०० पौंड भरलेत आणि १,२०० लागले असते, तर तीन चतुर्थांश: ४,००० च्या क्लेमचे ३,००० मिळतात. आणि काहीच फरक पडला नसता, तर पूर्ण क्लेम.

गाडीचे पैसे गेले, एवढ्यावर ते थांबत नाही. समोरच्याचं नुकसान कायद्यामुळे कंपनीला साधारणपणे भरावंच लागतं, पण ते तुमच्याकडून वसूल करायला ती मागे लागू शकते. आणि पुढे प्रत्येक फॉर्ममध्ये प्रश्न येतो: तुमची पॉलिसी कधी रद्द किंवा व्हॉइड झाली आहे का? 'हो' म्हटलं की बऱ्याच कंपन्या दारच बंद करतात. 'नाही' म्हटलं तर ते खोटं, आणि आधीच्या नोंदी तपासायची सोय कंपन्यांकडे आहे. म्हणून परत परत सांगतो, व्हॉइडचं पत्र आलं की प्रीमियम परत मिळाला यावर समाधान मानू नका. तो शिक्का काढून घेण्यासाठी भांडा.

भांडायचं असं. फोनवर काही कबूल करू नका, "प्रश्न ईमेलवर पाठवा" म्हणा, आणि जे सांगाल ते खरंच सांगा. कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: मला विचारलेल्या प्रश्नाचे नेमके शब्द, मी दिलेलं उत्तर, आणि खरं उत्तर दिलं असतं तर काय केलं असतं याचा अंडररायटिंगचा (कंपनी विमा द्यायचा की नाही आणि किती प्रीमियमला हे ठरवते, त्याचा) पुरावा. डेटा संरक्षणाच्या कायद्याखाली तुमची माहिती आणि फोनचं रेकॉर्डिंग फुकट मागता येतं, साधारण महिन्याभरात द्यावं लागतं. मग 'तक्रार' हा शब्द वापरूनच तक्रार करा. कंपनीला अंतिम उत्तरासाठी ८ आठवडे असतात. ते पटलं नाही किंवा आलंच नाही, तर फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपन्यांमधल्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जा. तिथे पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अंतिम उत्तराच्या तारखेपासून ६ महिन्यांची मुदत असते, ती चुकवू नका. ऑम्बुड्समनचा अंतिम निर्णय तुम्ही स्वीकारला की कंपनीवर बंधनकारक, तुम्हाला नाही पटला तर कोर्ट मोकळं आहे.

आपल्या लोकांना 'सरकारी माणसाकडे तक्रार' म्हटलं की व्हिसाची भीती वाटते. या तक्रारीचा व्हिसाशी काही संबंध नाही. इथली व्यवस्था कागद बघते, आणि कागद नीट असला तर नवख्या माणसाचंही ऐकते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

गाडी ट्रॅकवर पळवायचा छंद असेल तर तो साध्या पॉलिसीत जवळपास नेहमीच वगळलेला असतो, वेगळा कव्हर घ्या. मंदिराच्या किंवा मंडळाच्या कामासाठी फुकट ने-आण करत असाल, तर बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेत नाहीत, पण आधी ईमेल टाकून विचारा. धंद्याच्या नावावर व्हॅन घेणार असाल तर वर सांगितलेला ग्राहकांचा कायदा लागू नाही. तिथे २०१५ चा कायदा येतो आणि महत्त्वाची माहिती आपणहून सांगावी लागते.

पॉलिसी मित्राने भरून दिली असेल तर आज रात्रीच ती उघडून स्वतः वाचा. काही चुकीचं दिसलं तर कंपनीला ईमेलने दुरुस्ती कळवा आणि जादा प्रीमियम सांगितला तर भरून टाका. अपघाताआधी केलेली दुरुस्ती अपघातानंतरच्या भांडणापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते.